आबांची पोस्टरे आणि भुसावळची पेटी

जुन्या चित्रपटांच्या पोस्टरांचे व्यापारी म्हणून खानदेशभर ओळखले जाणारे आबा गेल्या पावसाळ्यात वारले. घरच्यांची इच्छा असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. तसेही गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होते, कारण भुसावळपासून नंदुरबारपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. त्यांच्या दहाव्याला जमलेल्या माणसांत पुण्यामुंबईचे संग्राहक होते, तसे अमळनेर आणि चाळीसगावच्या बंद पडलेल्या टॉकीजचे जुने ऑपरेटर आणि डोअरकीपरही होते. तेथे एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नावरून हे टिपण लिहावेसे वाटले. त्याने विचारले होते, की मुंबईपासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर असलेल्या भुसावळात, जेथे एकही चित्रपट तयार होत नव्हता, एका माणसाकडे इतकी पोस्टरे आली कोठून?

या प्रश्नाचे उत्तर आबांच्या आवडीत थोडे आणि भुसावळच्या रेल्वे फाट्यात बरेच आहे. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट भुसावळला फुटते. एक फाटा अकोला, बडनेरामार्गे नागपूरकडे जातो आणि दुसरा खंडवा, इटारसीकडे वळतो. १८७० साली इटारसी-जबलपूरमार्गे मुंबई आणि कोलकाता जोडले गेले, तेव्हापासून मध्य भारतात जाणारा माल या स्थानकावरून जात आला. चित्रपटाची रिळे हासुद्धा शेवटी मालच होता. भारतातला चित्रपट-वितरणाचा व्यवसाय ‘टेरिटरी’ नावाच्या विभागांत वाटलेला आहे, आणि त्यांतले ‘सी. पी. बेरार’, ‘सेंट्रल इंडिया’ आणि ‘राजस्थान’ हे विभाग ज्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनच्या छत्राखाली येतात, तिचे मुख्य कार्यालय भुसावळात आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे सरकारी नाव १९५० मध्ये नकाशावरून पुसले गेले, तरी वितरकांच्या वहीत ‘सी. पी. बेरार’ अजून जिवंत आहे. खानदेशातल्या पुष्कळ लोकांना आपल्या जिल्ह्यात हे कार्यालय आहे याचाच पत्ता नसतो, याची आबांना खंत होती, आणि ती रास्त होती असे मला वाटते.

वितरक निर्मात्याकडून ठरावीक विभागाचे हक्क घेत असे, आणि प्रिंटबरोबर, म्हणजे चित्रपटाच्या प्रतीबरोबर, त्याला पब्लिसिटीही घ्यावी लागे. पब्लिसिटी या एका शब्दात बरेच काही येत असे: तीस इंच बाय चाळीस इंचांची पोस्टरे, अनेक तुकडे जोडून भिंतीवर उभी राहणारी मोठी पोस्टरे, टॉकीजच्या काचेच्या कपाटात लावायचे फोटोसेट आणि गाण्यांच्या पुस्तिका. पत्र्याच्या गोल डब्यांत रिळे, ते डबे एका भक्कम पेटीत, आणि पोस्टरांचे घडी घातलेले गठ्ठे निराळे, असा सगळा ऐवज पार्सलच्या डब्यातून भुसावळला उतरत असे. तेथून पॅसेंजर गाडीने, पुढे एस.टी.च्या टपावरून तो पाचोरा, जामनेर, चोपडा, शिरपूर, शहादा असा फिरत असे. एका गावातला खेळ उतरला की पेटी दुसऱ्या गावाला जाई. रिळे परत येत, पण पोस्टरे भिंतीवर लागलेली असल्याने परत येत नसत. म्हणूनच वितरक पोस्टरे गरजेपेक्षा जास्त मागवून ठेवत, आणि जी उरत ती गोदामात पडून राहत. आबांच्या साठ्याचा उगम या उरलेल्या गठ्ठ्यांत आहे.

पोस्टर या वस्तूचा इतिहास मात्र रेल्वेपेक्षा छापखान्याशी आणि त्यातही मराठी माणसांशी जास्त जोडलेला आहे. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९४ पासून देवादिकांच्या तसबिरी. त्यामुळे भिंतीवरचे छापील रंगीत चित्र पाहण्याची सवय लोकांना चित्रपटाआधीच लागली होती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चित्रपटाच्या जाहिरातीला चित्रकाराचा हात खऱ्या अर्थाने लागला तो कोल्हापुरात. बाबूराव पेंटर हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः करत, आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रमय पोस्टरांतले सर्वांत जुने मानले जाते. त्यांच्याच तालमीत तयार झालेले व्ही. शांताराम, दामले आणि फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, तेव्हा कॅमेरा, पडदा आणि पोस्टर यांच्याकडे एकाच चित्रकाराच्या नजरेने पाहण्याची ती रीत पुढे गेली. पुढे मुंबईत चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवणाऱ्यांत एम. एफ. हुसेन यांच्यासारखे तरुण होते, हे सर्वश्रुत आहे.

खानदेशात या पोस्टरांचा वाचक कोण होता, हेही पाहिले पाहिजे. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल या गिरण्यांच्या पाळ्या सुटत तेव्हा बाहेर पडणारा कामगार हा टॉकीजचा हक्काचा प्रेक्षक होता. खेड्यात टॉकीज नव्हती, तेथे तंबू होता. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर तंबूतले सिनेमे लागत. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या वाळवंटात तीच गर्दी असे. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही पोस्टर वाचता येत असे, कारण नायक कोणता, खलनायक कोणता, मारामारी किती आणि देव आहेत की नाहीत, हे सारे रंगातून सांगितलेले असे. पोस्टर लावणारा माणूस पहाटे मैद्याची खळ शिजवून, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालून, शिडी आणि बादली घेऊन निघे. आबा लहानपणी अशाच एका माणसाची बादली धरत असत, असे ते सांगत.

पुढे ते एका वितरकाकडे प्रतिनिधी म्हणून लागले. हे काम आज कोणाला समजावून सांगावे लागते. चित्रपट टक्केवारीवर लागला असेल तर किती तिकिटे खपली याची मोजणी करायला वितरकाचा माणूस पेटीबरोबर गावोगाव जात असे, रोजच्या गल्ल्याचा हिशेब, ज्याला या धंद्यात डीसीआर म्हणतात, भरून भुसावळला पाठवत असे, आणि रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की बुकिंगच्या खोलीतच अंथरूण टाकत असे. या फिरतीत आबांना प्रत्येक टॉकीजची अडगळीची खोली पाठ झाली. चित्रपट उतरल्यावर उरलेली पोस्टरे मालक उचलून देत, आबा ती घरी आणून पत्र्याच्या पेटीत ठेवत. त्यात धंदा करण्याचा विचार त्या काळी कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते. लोक जुन्या पोस्टरांच्या कोऱ्या बाजूने मुलांच्या वह्यांना कव्हरे घालत आणि किराणा दुकानदार त्यांत पुड्या बांधत.

व्हिडिओ आला, केबल आली, गिरण्या बंद पडल्या, आणि टॉकीजचा प्रेक्षक पातळ झाला. त्यानंतर फ्लेक्सच्या छपाईने कागदी पोस्टर मागे टाकले, आणि उपग्रहावरून व हार्डडिस्कवरून चित्रपट दाखवला जाऊ लागल्यावर पेटी फिरण्याचीच गरज उरली नाही. वितरकांची गोदामे रिकामी होऊ लागली. एका गोदामातला माल रद्दीच्या भावाने किलोवर चालला असल्याचे कळल्यावर आबांनी घरातले पैसे गोळा करून तो उचलला. दुसऱ्या एका ठिकाणी ते दोन दिवस उशिरा पोहोचले, आणि मागच्या अंगणात फक्त राख पाहून परतले. ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज वीस वर्षांनंतरही बदलत असे.

या राखेचे मोल समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले, त्यांतले हाताच्या बोटांच्या काही पटींएवढेच आज शिल्लक आहेत. १४ मार्च १९३१ ला प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही नष्ट झालेले होते, आणि २००३ मध्ये पुण्यातच सहज पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत उरलेल्यातलेही गेले. अनेक चित्रपटांच्या बाबतीत ते होते याचा पुरावा म्हणून एखादे पोस्टर, एखादी गाण्यांची पुस्तिका, एवढेच हाती राहते.

आबांचा धंदा कसा होता, हे मला जवळून पाहता आले. कोणी पोस्टर विकायला आणले की किंमत विचारण्याआधी ते अहिराणीत विचारत, “हाऊ कथाईन उना, भाऊ?” म्हणजे हा कागद आला कोठून. मिळालेले उत्तर मागच्या बाजूला कोपऱ्यात, पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहिले जाई: गाव, टॉकीज किंवा तंबू, आणि सांगणाऱ्याला आठवत असेल ते वर्ष. मग भिंग निघे. जुन्या शिळाछापात रंग दाणेदार खडूसारखा पसरलेला दिसतो. ऑफसेटमध्ये रांगेने बसलेले ठिपके दिसतात. आणि अलीकडच्या संगणकीय नकलेत शाईचे बारीक फवारे. तळाच्या समासात छापखान्याचे नाव असे, ते कापले गेले असेल तर आबा सावध होत.

‘श्यामची आई’चे एक पोस्टर त्यांच्याकडे होते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे त्या चित्रपटाला खानदेशात गिऱ्हाईक कायम असे. एका संग्राहकाने ते पहिल्या प्रदर्शनाचे समजून चांगली रक्कम पुढे केली, तेव्हा मी तेथे बसलो होतो. आबांनी पोस्टर टेबलावर उलगडले, एका ओळीखाली नख ठेवले आणि वाचायला सांगितले. त्या ओळीत राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा उल्लेख होता. चित्रपट १९५३ चा, पदक १९५४ मध्ये मिळाले. पदकाची ओळ छापलेले पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचे असूच शकत नाही. आबांनी भाव स्वतःहून निम्म्याहून खाली आणला. त्या संग्राहकाने पुढची सारी वर्षे दुसऱ्या कोणाकडून खरेदी केली नाही. आबा लोकांना का आवडत याचे मला माहीत असलेले हे सर्वांत सरळ उत्तर आहे.

कागद जपण्याची त्यांची रीतही या प्रदेशातून आलेली होती. भुसावळचा वैशाख पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा हवेत बुरशी धरत नाही, पण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पापडासारखा कडक होतो आणि घडीवर मोडतो. म्हणून आबा उन्हाळ्यात पेटी उघडत नसत. श्रावणात हवेत ओल आली की घड्या एकेक करून उलगडत, पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला बदलत, आणि फाटलेल्या जागी मागून पातळ कागद गव्हाच्या खळीने लावत. चिकटपट्टी लावलेले किंवा लॅमिनेशन केलेले पोस्टर पाहिले की त्यांना मनापासून वाईट वाटे, कारण चिकटपट्टीचा पिवळा डाग पुन्हा निघत नाही.

खानदेशाला कागद राखणाऱ्या माणसांची परंपरा आहे, आणि आबांना मी तीतच धरतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले, त्यासाठी वाड्यावाड्यांतून दप्तरे धुंडाळली, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात देह ठेवला, त्यांचे कागद तेथील राजवाडे संशोधन मंडळात जपले गेले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली. मोडीतल्या दप्तरांची आणि सिनेमाच्या पोस्टरांची बरोबरी काही वाचकांना खटकेल. परंतु कागद कोठून आला हे आधी नोंदवायचे आणि मग त्याचे मोल ठरवायचे, ही शिस्त दोन्हीकडे एकच आहे, आणि आबांनी ती कोणी न शिकवता पाळली.

दोन पोस्टरे त्यांनी कधीच विकली नाहीत. एक १९६१ च्या ‘मानिनी’चे, कारण त्या चित्रपटात असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी आहेत, आणि दुसरे १९८२ च्या ‘उंबरठा’चे, कारण स्मिता पाटील शिरपूरच्या घरातली मुलगी. ही दोन्ही आता त्यांच्या सुनेच्या ताब्यात आहेत. बाकीचा साठा फोडून विकण्यासाठी मागण्या येत आहेत. मात्र पाठीमागच्या पेन्सिलीच्या नोंदी एका वहीत उतरवून होईपर्यंत काहीही विकायचे नाही, असे घरच्यांनी ठरवले आहे. शनिवारी आम्ही तिघे ते काम करतो. मागच्या आठवड्यात उघडलेल्या गठ्ठ्यातल्या पहिल्या पोस्टरामागे आबांच्या अक्षरात तीनच शब्द होते: ‘सारंगखेडा, तंबू, पाऊस’. वर्षाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, आणि आम्हीही ती वहीत तशीच मोकळी ठेवली आहे.