सारस (पूर्व विदर्भ)

क्रौंच कुलातील मोठा पाणथळ पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच; धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा असला की जवळपास माणसाएवढा भरतो. अंग राखाडी, पाय गुलाबी, डोके व मानेचा वरचा भाग लालभडक. महाराष्ट्रात तो आता गोंदिया आणि भंडारा या धानाच्या जिल्ह्यांतच नियमित दिसतो. चंद्रपुरात जवळजवळ दिसेनासा झाला. वैनगंगा आणि बाघ नद्यांपलीकडचे बालाघाट जिल्ह्यातील सारस याच समूहातले. राज्याची हद्द त्यांना ठाऊक नाही, म्हणून गणनाही दोन्ही काठांवर करावी लागते.

या भागात सारस टिकला तो मुख्यतः शेतामुळे. झाडावर तो बसत नाही. त्याला उथळ पाणी, मोकळी नजर आणि कंदमुळे, किडे, बेडूक, सांडलेले धान लागते. हे सगळे मामा तलावांच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातील तलावांच्या) काठी, बोड्यांत (लहान तळ्यांत) आणि बांध्यांत (धानाच्या खाचरांत) मिळते. गोंदिया तालुक्यातील परसवाडा आणि झिलमिली हे तलाव त्यासाठी ओळखले जातात. तलावात गाळ साचला, बेशरम ही तणवनस्पती माजली किंवा काठावर अतिक्रमण झाले, की सारसाची जागा तेवढी कमी होते.

विणीचा काळ पावसाळ्याचा, म्हणजे ऐन रोवणीचा (धान लावणीचा). गवत आणि धानाच्या काड्या ओढून जोडी पाण्यातच मोठा ढीग रचते. अंडी बहुधा दोन; नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवतात. पिल्लू तीन महिन्यांच्या आसपास उडू लागते, तरी पुढचे कित्येक महिने आईबापांसोबतच राहते. नर-मादी एकत्र साद घालतात, तेव्हा तो आवाज दूरच्या बांध्यांपर्यंत जातो. जोडी सहसा आयुष्यभराची. जोडीदार गेला की दुसरा अन्नपाणी सोडून मरतो, असे गावोगाव सांगतात. ते खरे नाही. एकटा राहिलेला पक्षी कालांतराने नवी जोडी जमवू शकतो. मात्र एवढ्या लहान समूहात जोडीदार मिळणेच कठीण, ही खरी चिंता आहे.

घरट्यापायी थोडे धान मोडते. पिकाच्या भीतीने पूर्वी अंडी फोडली जात. ‘सेवा’ या गोंदियातील संस्थेने शेतकऱ्यांनाच ‘सारस मित्र’ केले, आणि येथील संवर्धनात सर्वांत मोलाचे काम हेच झाले. दरवर्षी जूनमध्ये, तलाव आटलेले आणि पक्षी उरल्यासुरल्या पाण्याशी जमलेले असताना, पहाटे एकाच वेळी गणना होते. गोंदियातील आकडा अलीकडच्या वर्षांत पन्नाशीच्या आतच राहिला आहे.

2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या नेमल्या गेल्या. समित्यांपुढचा अवघड प्रश्न शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा आहे. जड शरीराचा, हळू वळणारा हा पक्षी धुक्यात तारेला धडकून मरतो. कीटकनाशकांची फवारणी, नदीपात्रातील रेतीचा उपसा आणि मोकाट कुत्री यांचाही धोका आहेच, पण एक प्रौढ पक्षी तारेवर गेला की त्या वर्षीची वीणही जाते.

बांधीत घरटे दिसले की आता काही शेतकरी तेवढ्या तुकड्यात निंदण आणि फवारणी थांबवतात, पिल्ले बाहेर पडेपर्यंत बांधीचे पाणी सोडत नाहीत, आणि रात्री कुत्र्यांवर लक्ष ठेवतात.