बांगड्या काढून ये

जानेवारीत पुतणीच्या मैत्रिणीचं कुटुंब कॅनडाला गेलं आणि त्यांची तीन वर्षांची चिंचिला, म्हणजे दाट लोकरीचं एक उंदीरजातीचं जनावर, आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आली. सोबत उंच पिंजरा, पोतंभर वाळलं गवत, राखेसारख्या भुकटीचा डबा आणि एकच सूचना : हिला सुरुवातीला हात लावू नका. पुतणीनं सूचना पाळली, मी नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे सूचना इतरांसाठी असतात असा माझा समज आहे.

सासूबाईंनी चष्मा लावून तिला नीट पाहिलं. "ससा म्हणावा तर शेपूट खारीची, खार म्हणावी तर कान उंदराचे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्या रात्री जनावरानं भुकटीच्या वाडग्यात अशा काही गिरक्या घेतल्या की बाहेर आलं तेव्हा अंगभर करडी पूड भुरभुरलेली. पुतणी म्हणाली, "काकू, पोह्यांवर टाकतात ना तसं जीरावन लावून राहिली आहे ती!" आमचं इंदुरी मराठी हे असं 'करून राहतं'. नाव ठरलं जीरावन, हाकेला जिरी.

दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यात वरून हात घातला. जिरी मागच्या दोन पायांवर ताठ उभी राहिली आणि तिनं माझ्या मनगटावर लघवीची नेमकी पिचकारी मारली. रंगपंचमीला दोन महिने बाकी होते. चिंचिलाच्या माद्यांचं हे नेहमीचं अस्त्र आहे, आणि ते मी वाचलेलंही होतं.

हात वरून येतो, इथेच सगळी गोम आहे. चिलीच्या डोंगरात चिंचिलावर वरून झडप घालतं ते घुबड आणि जमिनीवरून येतो तो कोल्हा. हिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे भोवतालचा पसारा एकदम दिसतो, पण अंतराचा अंदाज कच्चा. जवळचं जग ती लांबलचक मिशांनी चाचपते. अशा प्राण्याच्या मेंदूत 'वरून काहीतरी आलं' याचा एकच अर्थ कोरलेला असतो. त्यात माझ्या मायेला जागा कुठून असणार?

कुत्र्याचा हिशेब इथे लावून चालत नाही. कुत्रा माणसाच्या सोबत निदान पंधरा हजार वर्षं आहे आणि तेवढ्या काळात माणसाची मर्जी ओळखणारी कुत्री निवडली गेली. चिंचिलाला जेमतेम शंभर वर्षं झाली. मॅथियस चॅपमन नावाचा अमेरिकन खाण अभियंता चिलीत तांब्याच्या खाणीवर काम करत होता. त्यानं स्थानिक लोकांकरवी मोठ्या मुश्किलीनं थोडे प्राणी पकडवले आणि 1923 मध्ये त्यातले अकरा कॅलिफोर्नियात पोचवले. आज अमेरिकेत पाळलेल्या बहुतेक चिंचिला त्यांच्याच वंशातल्या मानल्या जातात. मला त्यातलं आवडतं ते असं, की डोंगरावरून बंदरापर्यंत त्यानं त्यांना एकदम उतरवलं नाही. टप्प्याटप्प्यानं, मध्ये मुक्काम करत, खालच्या उबदार हवेची सवय लावत सुमारे वर्षभर उतरवलं, आणि जहाजावर पिंजरे बर्फानं गार ठेवले. त्याला लळा लावायचा नव्हता, त्याला फर विकायची होती. एका कोटाला शंभरावर कातडी लागत. या हव्यासापायी रानातल्या चिंचिला इतक्या मारल्या गेल्या की 1910 मध्ये चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाला शिकारबंदीचा करार करावा लागला. पुढच्या शतकभरात पिंजऱ्यांत पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या गेल्या त्या मुख्यतः केसांसाठी. स्वभावाकडे लक्ष नव्हतं. म्हणजे जिरीचा कोट शंभर वर्षांचा सुधारलेला आणि भीती जवळपास मूळचीच.

कोटाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझी चूक तिथेच घडली. आपल्या डोक्यावर केसाच्या एका छिद्रातून एक, फार तर दोन-चार केस निघतात. चिंचिलाच्या एका छिद्रातून पन्नासावर निघतात. हा लोकरीचा थर पाण्यानं भिजला तर आत वाळत नाही आणि कातडी कुजते. म्हणून अंघोळ धुळीची. ज्वालामुखीच्या राखेसारखी बारीक पूड केसांच्या मुळाशी जाऊन तेल आणि ओल शोषून घेते. पुतणीनं विचारलं, आपली माळव्याची काळी मातीही ज्वालामुखीचीच ना? प्रश्न छान होता. दख्खनच्या लाव्ह्यापासूनच ती झाली, पण कोट्यवधी वर्षं झिजून तिची चिकणमाती झाली आहे, पाणी पिऊन फुगणारी. पावसाळ्यात चपलेला चिकटणारी ती माती जिरीच्या अंगात गेली तर लोकरीचे गोळेच होतील. टाल्कम पावडर आणि साधी रेतीही नको.

आणि उंची. चिंचिला म्हटलं की सगळ्यांना अँडीजची बर्फाळ शिखरं आठवतात. आखूड शेपटीची जात खरोखरच तीन हजार मीटरच्या वर राहते. पण घरात येते ती लांब शेपटीची, 'चिंचिला लॅनिजेरा', म्हणजे लोकर वाहणारी. तिचं उरलंसुरलं रानातलं घर चिलीत इयापेल गावाजवळ आहे. तिथे 1983 पासून तिच्यासाठी राखीव अभयारण्यही आहे. तिथल्या टेकड्या चारशे ते साडेसोळाशे मीटरच्या. इंदूर 550 मीटरवर! उंचीनं आम्ही शेजारी निघालो. फरक हवेचा. तिथल्या किनाऱ्याला समुद्रातला थंड प्रवाह गार ठेवतो, पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हाची वेळ प्राणी खडकांच्या फटीत काढतात. आमच्याकडे नऊशेच्या वर पाऊस आणि मे महिन्यात बेचाळीस अंश. 'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या गार रात्रींचं कौतुक होतं, पण दिवसाचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

चिंचिलाला अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची मुख्य खिडकी म्हणजे ते मोठे, पातळ, जवळजवळ उघडे कान. पाऱ्यानं पंचविशी ओलांडली की धोका सुरू होतो आणि कान लालबुंद दिसले तर उशीर व्हायला लागला असं समजायचं. खसच्या टट्ट्यांचा कूलर चालत नाही, तो हवा गार करतो पण दमटही करतो. शेवटी मधल्या खोलीत एसी बसला. दहा वर्षं एसीला नको म्हणणाऱ्या दीरांनी एका उंदीरजातीच्या जनावरापुढे हार मानली, आणि हल्ली दुपारी तेही 'जिरीकडे लक्ष ठेवायला' तिथेच झोपतात. वीज गेली तर फ्रिजमध्ये कोटा फरशीचे दोन तुकडे तयार असतात. जिरी त्यावर पोट टेकून पसरते.

पिंजरा मधल्या खोलीत ठेवला त्याला कारण उत्तरेची गार भिंत. पण त्याच कोपऱ्यात सासूबाईंची खुर्ची आहे आणि दिवेलागणीला तिथे बसून त्या रामरक्षा म्हणतात. चिंचिलाचा दिवस तेव्हाच उजाडतो. आठवड्याभरात आमच्या लक्षात आलं की त्यांचा आवाज सुरू झाला की जिरी लाकडी घरकुलातून नाक बाहेर काढते, दुसऱ्या आठवड्यात खालच्या फळीवर येते. सासूबाई तिच्याकडे बघतही नसत.

इथे कानाचं शास्त्र कामाला येतं. उंदीर-घुशी आपल्या आवाजातला खालचा, खर्जाचा भाग नीट ऐकूच शकत नाहीत. त्यांचं जग कर्कश, उंच पट्टीतलं. चिंचिलाला मात्र साधारण 50 ते 33,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे आपली सगळी बोलण्याची पट्टी त्यात बसते. म्हणूनच श्रवणाच्या संशोधनात ती फार वापरली गेली. 1975 मध्ये पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक गमतीदार प्रयोग छापला. इंग्रजीतल्या 'डा' आणि 'टा' यांत फरक काय? टाळूला टेकलेली जीभ सुटल्यावर स्वरतंतू किती वेळानं थरथरू लागतात, एवढाच. 'डा'त जवळजवळ लगेच, 'टा'त सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोड्या कमी वेळानं. चिंचिलांना फक्त ही दोन टोकं शिकवली आणि मग मधले, ना धड डा ना धड टा असे कृत्रिम आवाज ऐकवले. इंग्रजी बोलणारी माणसं जिथे डा संपून टा सुरू झाला म्हणतात, जवळजवळ तिथेच चिंचिलांनीही रेघ ओढली. म्हणजे ही रेघ माणसाच्या भाषेनं कोरली नसावी. सस्तन प्राण्यांच्या कानात ती आधीपासून असावी आणि भाषेनं आयती वापरली असावी. त द थ ध असा चौपदरी संसार करणाऱ्या मराठीच्या दृष्टीनं हे मला फारच रोचक वाटतं. जिरीला रामरक्षेचा अर्थ कळत नाही, पण तिच्या कानाला ती पुसट गुणगुण नसून अक्षरं असलेला आवाज आहे, एवढं नक्की.

पुतणीनं एकदा भर दुपारी पिंजऱ्याजवळ बसून अख्खी रामरक्षा म्हटली. जिरीनं एक डोळा उघडला आणि कूस बदलली. एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही हे मी वर्गात सांगत असते, तरी मला वाटतं तिच्या लेखी खूण दोन गोष्टींची मिळून आहे : उतरता उजेड आणि तो आवाज.

सवय होणं हे वरवर साधं दिसतं, पण ते शिकण्याचं सर्वांत जुनं रूप. एरिक कँडेल यांनी ते समुद्री गोगलगाईत उलगडून दाखवलं आणि 2000 सालचं नोबेल त्यांना विभागून मिळालं ते मज्जासंस्थेतल्या अशाच कामासाठी. गोगलगाईच्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा तोच निरुपद्रवी स्पर्श केला की ओढणं कमी होतं, कारण स्पर्शाची वर्दी देणारी चेतापेशी पुढच्या पेशीकडे कमी रसायन सोडू लागते. रोज थोडं थोडं असं चार दिवस केलं तर परिणाम तीन आठवड्यांहूनही जास्त टिकतो. पण शेपटीला एकच झटका द्या, मग साध्या स्पर्शालाही ती दचकते, पूर्वीपेक्षा जास्त.

आमचं रोज थोडं थोडं असं चाललं होतं. मी दिवेलागणीनंतर दहा मिनिटं पिंजऱ्याच्या तळाशी हात नुसता ठेवायची, तळवा वर, त्यावर ओट्सची एक पाकळी. बेदाणा नाही. सासूबाईंना बेदाणा द्यायचा होता, शेवही द्यायची होती, इंदुरात प्रेम दाखवायची दुसरी रीत नाही. पण हिचं सगळं पचन आतड्यातल्या जंतूंवर आणि ते जंतू गवतावर जगणारे. गोड-तेलकटानं पोट फुगलं तर हिला उलटीसुद्धा करता येत नाही. अकराव्या दिवशी मिशा बोटाला लागल्या. पंधराव्या दिवशी तिनं ओट्स उचलले. विसाव्या दिवशी ओट्स खाऊन झाल्यावर ती गेली नाही, पुढचे दोन पंजे माझ्या करंगळीवर ठेवून नखाच्या कडेला बारीक बारीक दात लावत राहिली. चावणं नव्हे ते. एकमेकींचे केस त्या असेच विंचरतात. कळपात राहणारी जात आहे ती, एकटी ठेवणं तसं वाईटच. त्या दहा मिनिटांत मी नाक खाजवायलासुद्धा हात हलवला नाही.

मार्चच्या शेवटी एसी बसला. त्या संध्याकाळी जिरी खोलीत मोकळी होती आणि कपाटामागे स्टॅबिलायझरची वायर तिला दिसली. जन्मभर वाढणारे दात असलेल्या प्राण्याला वायर म्हणजे काय वाटत असेल ते समजू शकतं. मी धावले आणि तिला कुशीला धरलं. क्षणात ती खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीपासून चार फूट वर, आणि माझ्या मुठीत करड्या लोकरीचा पुंजका. कोल्ह्याच्या तोंडात केस सोडून निसटायची ही तिची युक्ती. रक्ताचा थेंब नाही, फक्त कुशीवर रुपयाएवढं गुळगुळीत टक्कल. केस परत येतात, त्याला काही महिने लागतात.

गोगलगाईची शेपटी. दोन महिन्यांची कमाई एका मुठीत गेली. मी दिसले की जिरी घरकुलात. सासूबाईंच्या रामरक्षेला मात्र ती पूर्वीसारखीच बाहेर येई, मी दाराआड उभी असले तरी. म्हणजे भीती सगळ्या माणसांची बसली नव्हती. माझी बसली होती. पुन्हा तळवा, पुन्हा ओट्स. काही दिवस ती यायची, काही दिवस अर्ध्या वाटेवरून पळायची. वास बदलून पाहिला, साबण बदलला, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून पाहिला. वहीत नोंदी ठेवल्या, त्यातून काही निष्पन्न होईना.

कोडं सोडवलं सासूबाईंनी, वही न बघता. "तू कॉलेजातून तशीच येऊन बसतेस तेव्हा ती पळते," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक करून येतेस तेव्हा नाही. बांगड्या काढून ये." कणीक मळायला मी काचेच्या बांगड्या उतरवते. त्या संध्याकाळी धावले तेव्हा दोन्ही हातांत भरपूर होत्या.

आता साडेसहाला बांगड्या फ्रिजवर असतात. टकलावर मऊ लव आली आहे. परवा विसरले, हात आत नेताना एक किणकिण झाली, आणि करंगळीपाशी आलेल्या मिशा होत्या तिथेच थांबल्या.