शिल्लक खोल्यांचा आकडा एकच हवा

नवरात्रात तुळजापूरचे भाविक, जानेवारीत गड्डा यात्रेची गर्दी, वर्षभर अक्कलकोटची वर्दळ. सोलापुरातल्या लॉजची तीच खोली काउंटरवर, फोनवर आणि तीन-चार वेबसाइटवर एकाच वेळी विकायला असते. या सगळ्यांना शिल्लक खोल्यांचा एकच आकडा दाखवणं, हे केंद्रीय आरक्षण प्रणालीचं मूळ काम. हॉलिडे इन या अमेरिकी साखळीने 1965 मध्ये आयबीएमच्या मदतीने ‘होलिडेक्स’ उभारली ती यासाठीच. एकट्या हॉटेलांना हे काम आता ‘चॅनेल मॅनेजर’ सॉफ्टवेअर करून देतं.

प्रणाली खोलीचा नंबर पाहत नाही. खोलीचा प्रकार आणि रात्र, एवढंच मोजते. समजा एसी खोल्या 11 तारखेला 6, 12 ला 1 आणि 13 ला 5 शिल्लक आहेत. 12 ची ती एक खोली एका रात्रीसाठी गेली, की सलग तीन रात्री मागणाऱ्या प्रत्येकाला ‘उपलब्ध नाही’ असंच उत्तर जातं, कारण तिन्ही रात्री खोली मोकळी लागते. म्हणून अशा तारखेला किमान दोन रात्रींची अट आधीच घालावी.

सुरुवातीला प्रत्येक वेबसाइटवरचा खोलीचा प्रकार आपल्या प्रकाराशी जोडावा लागतो. यालाच मॅपिंग म्हणतात. इथे डबल एसी चुकून ट्रिपलला जोडली गेली, तर भलताच आकडा कमी होत राहतो. म्हणून प्रत्येक वेबसाइटवरून एक चाचणी बुकिंग करावं, ते रद्द करावं आणि दोन्ही वेळा आकडा सगळीकडे बदलला का ते पाहावं.

आपल्याकडची खरी अडचण 24 तासांच्या चेक-इनची, म्हणजे ग्राहक येईल त्या वेळेपासून 24 तास मोजण्याची. मुंबईहून रात्रभर प्रवास करून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आलेला प्रवासी सकाळी सातला खोली मागतो. पण आदल्या रात्रीच्या ऑनलाइन ग्राहकाला दुपारी 12 पर्यंतची वेळ दिलेली असते. प्रणालीच्या लेखी दोन्ही बुकिंग बरोबर, प्रत्यक्षात पाच तास खोली एकच आणि माणसं दोन. सगळ्या ग्राहकांना एकच चेक-आउट वेळ द्यावी, नाहीतर सकाळच्या गाडीसाठी दोन खोल्या ऑनलाइन विक्रीतून बाजूला ठेवाव्यात.

काउंटरवरच्या ग्राहकाची नोंद किल्ली देण्याआधी व्हायला हवी. रजिस्टरमध्ये लिहून रात्री एकदम भरायची सवय असेल, तर मधल्या वेळात वेबसाइट तीच खोली विकते. इंटरनेट बंद पडलं, तर मोबाइलच्या डेटावरून लगेच ‘स्टॉप सेल’ करावं, म्हणजे ऑनलाइन विक्री थांबवावी.