जाळ्याचा फायदा आणि मोठ्या धंद्याचा फायदा

तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचे मोल ठरवताना 'नेटवर्क इफेक्ट' म्हणजे जाळ्याचा फायदा हा शब्द हमखास येतो आणि पुढे तोच शब्द जिनिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) किंवा डाळमिललाही सर्रास चिकटवला जातो. खानदेशातल्या गुंतवणूकदाराला दोन्हीकडे आकाराबरोबर नफा वाढताना दिसतो, पण वाढण्याची कारणे निराळी असतात.

नेटवर्क इफेक्टमध्ये नवा ग्राहक आल्याने जुन्या ग्राहकाचीच सोय वाढते. व्हॉट्सॲपवर दहा माणसे असली तर त्यांच्या ४५ जोड्या होतात, वीस असली तर १९०. जाळ्याचे मोल माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा मेटकाफचा नियम याच हिशेबावर उभा आहे (सगळ्याच जोड्या एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून तो जरा उदारच म्हणायचा).

जिनिंगच्या फाटकावर शंभरावा शेतकरी कापूस घेऊन आला म्हणून पहिल्याचे काही भले होत नाही. यंत्रे, शेड आणि व्याज यांचा ठरलेला खर्च अधिक गाठींवर वाटला जातो, एवढाच मालकाचा लाभ, आणि त्यालाही मर्यादा आहे. सॉफ्टवेअरची पुढची प्रत जवळपास फुकट निघते. १७० किलोची पुढची गाठ बांधायला मात्र, रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण) ३४ टक्के धरला तर, पुन्हा पाच क्विंटल कापूस विकत घ्यावा लागतो. यंत्रे पूर्ण क्षमतेने चालू लागली की दुसरे जिनिंग उभारावे लागते, आणि लांबून कापूस आणावा तर वाचलेला पैसा गाडीभाड्यात जातो. म्हणूनच तोट्यातल्या ॲपला विक्रीच्या कित्येक पट किंमत देण्यामागचा तर्क, म्हणजे आज ग्राहक जोडले की उद्याची विक्री बहुतांशी नफाच, जिनिंगला लागू पडत नाही. तिथे एका गाठीमागे काय उरते आणि हंगामात खेळत्या भांडवलावर व्याज किती जाते, हेच पाहावे.

खानदेशात जाळे नाहीच, असे नव्हे. नंदुरबारच्या मिरची बाजारात व्यापारी पुष्कळ म्हणून शेतकरी येतात आणि मिरची पुष्कळ म्हणून व्यापारी येतात. पण हा लाभ बाजाराचा आहे, कोणा एकाचा नाही, कारण शेजारी पथारीवर मिरची वाळवणाऱ्या व्यापाऱ्यालाही तीच गर्दी मिळते. यूपीआयचेही असेच आहे. जाळे अफाट, पण बँक खात्यातून होणाऱ्या व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नसल्याने सोय दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या पदरात पडते, तर ॲपवाल्या कंपनीला कमाईसाठी कर्ज आणि विमा विकायला निघावे लागते.