न्हाणीतला वाळा

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या वऱ्हाडात न्हाणीच्या मोरीतून हमखास एखादं काळं, सुतळीएवढं जनावर वर येतं. बिळात पाणी भरलं, मग करणार काय! यंदा मोठ्या आईने "गांडूय हाय रे" म्हणत (तिच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो) खराटा उचलला, तेवढ्यात मी ते तळहातावर घेतलं. गांडूळ बुळबुळीत, अंगावर वळ्या. हे कोरडं, चकचकीत, आणि केसाएवढी जीभ लपलपवणारं. वाळा. लांबीला वीतभरही नाही, पण पुरता साप. विष नाही.

हातात काहीतरी टोचलं. "डसला ना!" मोठी आई ओरडली. डसला नव्हता. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो, तो मातीत रोवून वाळा अंग पुढे रेटतो. तोंड नाकाडाच्या खाली, इतकं चिमुकलं की माणसाला चावायचं म्हटलं तरी जमायचं नाही. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके. उजेड की अंधार, एवढंच त्यांना कळतं.

"कानात शिरते म्हन्तेत तो." लहानपणापासून ऐकतोय हे. कानात त्याच्या खाण्याचं काय आहे? त्याला हवीत मुंग्यांची अंडी, अळ्या आणि वाळवी. म्हणून तो उकंड्यात सापडतो, नाहीतर पऱ्हाटीच्या कुजक्या ढिगाखाली. वाळवी खायची त्याची तऱ्हा 2015 मध्ये जपानी संशोधकांनी टिपली. तो तिला मागून धरतो आणि कित्येकदा जमिनीवर घासून तिचं डोकं तोडतो, मगच गिळतो. डोक्यासकट गिळली, तर ते डोकं त्याला पचत नाही, विष्ठेतून जसंच्या तसं बाहेर पडतं.

आपल्याकडचा हा साप कुंड्यांतल्या मातीतून बोटीवर चढला आणि अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. नव्या मुलखात बस्तान बसवायला एकच वाळा पुरतो, कारण या जातीत सगळ्या माद्याच. गुणसूत्रांचे नेहमीचे दोन नव्हे, तीन संच. नराशिवाय अंडी घालायची आणि पिल्लं निघतात तीही आईचीच नक्कल.

हे सांगत मी त्याला, म्हणजे तिला, उकंड्यावर सोडलं. नाकाड खुपसलं आणि दोन-तीन वळशांत गायब.

मोठी आई खराटा टेकवून उभीच. "बिनबापाची सारी? मंग वाया काऊन म्हन्तेत, वाई म्हना ना!"