अतिदक्षता परिचर्या : परिचारिकांचे कौशल्य आणि रुग्णांचे समाधान

अतिदक्षता विभागातील परिचारिकांचे ज्ञान, हातोटी, निर्णयशक्ती आणि संवाद यांचा दर्जा वाढवून रुग्ण व नातेवाइकांना येणारा सुश्रूषेचा अनुभव सुधारणे, हा रुग्णसेवेतील एक महत्त्वाचा विषय आहे. कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत श्वास बंद पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून श्वास देत. त्या अनुभवातून भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी १९५३ मध्ये अतिदक्षतेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. यंत्रे पुढे बदलत गेली, पण रुग्णाजवळ जाणते माणूस सतत हवे ही गरज तशीच राहिली.

परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या मांडल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. नवशिकी परिचारिका मॉनिटरवरचा आकडा नियमाशी ताडून पाहते. अनुभवी परिचारिकेला रक्तदाब उतरण्याआधीच रुग्णाचे गार पडलेले हात, वाढलेली तगमग, कमी झालेली लघवी खटकते. ही नजर व्याख्यानातून येत नाही. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये कौशल्याचे माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे असे चार स्तर सांगितले. लेखी परीक्षा पहिल्या दोन स्तरांपाशीच थांबते. म्हणून पुतळ्यावरचा सराव, खाटेशेजारी ज्येष्ठ परिचारिकेचे मार्गदर्शन आणि प्रत्येक प्रसंगानंतरची मोकळी चर्चा यांना पर्याय नाही. ड्यूटी बदलताना ठरलेल्या क्रमाने माहिती सोपवणे हेही शिकवावे लागते. घाईच्या हँडओव्हरमध्ये महत्त्वाची गोष्ट सहज निसटते.

समाधान मोजणे इथे विशेष अवघड असते. श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही आणि गुंगीच्या औषधांमुळे त्याला पुढे बरेचसे आठवतही नाही. बरे झालेले रुग्ण तहान, गोंगाट, झोपमोड आणि भीती यांविषयी मात्र आवर्जून सांगतात. वेदना ओळखणे हे त्यामुळे पायाभूत कौशल्य ठरते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सीपीओटी' (क्रिटिकल-केअर पेन ऑब्झर्वेशन टूल) या वेदनेच्या मापनात चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे (नळी नसल्यास आवाज) यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. बेशुद्ध दिसणाऱ्या रुग्णालाही नावाने हाक मारून 'आता कूस बदलते' असे सांगणे, हे सौजन्य नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

बहुतेकदा समाधानाची प्रश्नावली नातेवाईक भरतात. नॅन्सी मोल्टर यांच्या १९७९ च्या अभ्यासात नातेवाइकांच्या गरजांमध्ये आशा वाटणे सर्वांत वरचे ठरले. २००७ मधील एका अमेरिकी अभ्यासात तर विभागात मृत्यू पावलेल्या रुग्णांचे कुटुंबीय, वाचलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा अधिक समाधानी आढळले. समाधान केवळ परिणामावर ठरत नाही, हे यातून दिसते. उलट, समाधानाचे गुण चांगले आले म्हणून सेवा सुरक्षित आहे असेही मानता येत नाही. जंतुसंसर्ग आणि दाबामुळे होणाऱ्या जखमा वेगळ्या मोजाव्याच लागतात.

प्रशिक्षणाला मनुष्यबळाची मर्यादा पडते. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत दाखवले, की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळते. एकाच वेळी अनेक गंभीर खाटा सांभाळणाऱ्या परिचारिकेकडून, ती कितीही निपुण असली तरी, नातेवाइकांशी निवांत बोलण्याची अपेक्षा करणे अन्याय्य आहे.