नव्या घरातला गुपचूप कुत्रा

"किती शहाणा आहे हो! भुंकत नाही, दंगा नाही, कोपऱ्यात गुमान बसून असतो." शेल्टरमधून कुत्रा घरी आणला की पहिल्या दोन-तीन दिवसांत हे कौतुक हमखास कानावर येतं. मग तीन आठवड्यांनी त्याच घरातून तक्रार येते: कुत्रा बिघडला, बेल वाजली की भुंकतो, चपला कुरतडतो. बहुतेकदा तो बिघडलेला नसतो. सुरुवातीचा शहाणपणा हा त्याचा स्वभाव नव्हताच, ती भीती होती.

धोका दिसला की प्राणी पळतो किंवा लढतो, एवढं आपल्याला माहीत असतं. तिसरी तऱ्हा म्हणजे थिजून जाणं. पळायला वाट नाही आणि लढण्यात अर्थ नाही, असं झालं की तो हालचालच थांबवतो. वरून शांत, पण आत धांदल उडालेली असते. मेंदूकडून पियुषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं. अमेरिकेत मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये शेल्टरमधल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. नऊ दिवसांहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपेक्षा पहिल्या तीन दिवसांतल्या कुत्र्यांमध्ये कॉर्टिसॉल जास्त होतं. जागा बदलली की शरीर हादरतं आणि सावरायला दिवस घेतं. घर कितीही प्रेमळ असलं तरी कुत्र्याच्या लेखी ती आणखी एक अनोळखी जागाच.

'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' असा एक हिशेब कुत्रेवाले सांगतात: आधी बुजणं, मग रुळणं, मग आपलं मानणं. हा प्रयोगशाळेतून आलेला नियम नव्हे, अनुभवाचा ढोबळ अंदाज आहे. धीर धरायला तो बरा, पण कॅलेंडरवर खुणा करत बसू नये. एखादा आठवड्यात रुळतो, एखाद्याला वर्ष लागतं.

तोवर काय करायचं? खरं तर कमीच करायचं. येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एक कोपरा द्यावा, तिथलं अंथरूण लगेच धुऊ नये. कुत्रा जग नाकाने वाचतो, आणि त्या अनोळखी घरात स्वतःचा वास असलेली तेवढीच जागा त्याच्याकडे असते. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, कारण पुढे काय होणार हे कळलं की भीती उतरते. पाहुण्यांना महिनाभर थोपवता आलं तर उत्तमच. आणि बाहेर नेताना पट्टा दोनदा तपासावा. घाबरलेला कुत्रा मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं सहज सोडवून घेतो, आणि ज्या घराची अजून ओळखच नाही तिथे तो परत येईल कसा?

सगळ्यात अवघड म्हणजे हात आवरणं. जांभई, ओठांवरून जीभ फिरवणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, हे सगळं 'जरा लांब राहा' असं सांगणं असतं. आपण त्यालाच 'किती गोड' म्हणत आणखी वाकतो. त्यापेक्षा बाजूला जमिनीवर बसावं. तो आला तर छातीपाशी थोडं खाजवावं आणि हात काढून घ्यावा. पुन्हा चिकटला तर हवंय. तिथेच थबकला किंवा दूर गेला तर आज पुरे.

जवळीक जुळायला मात्र फार लागत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2001 मध्ये शेल्टरमधल्या कुत्र्यांना एकाच माणसाबरोबर फक्त तीनदा, दर खेपेला दहा मिनिटं राहू दिलं. तेवढ्यावर अनोळखी माणसापेक्षा त्या माणसाशी त्यांची ओढ वेगळी दिसू लागली. म्हणजे माणूस लवकर आपला होतो. वेळ लागतो तो घराला, तिथल्या आवाजांना, एकटं राहण्याला.

रुळल्याची खूण मी त्याच्या झोपेत शोधतो. सुरुवातीला तो अंगाचं मुटकुळं करून, दाराकडे तोंड ठेवून पडतो. कप पडला तरी उठून उभा राहतो. मग एका दुपारी तो भर वाटेत कुशीवर, चारी पाय ताणून पसरलेला सापडतो. पंजे थरथरतात, गालातल्या गालात भुंकतो, आणि आपल्याला त्याला ओलांडून जावं लागतं.